रक्तदाब मोजता, मग रक्तातले शिसे का मोजत नाही?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

माझ्या यजमानांना गेल्या महिन्यात, वयाच्या 46व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. तंबाखू, विडी, मधुमेह यांपैकी त्यांना काहीही नाही. डॉक्टरांनी हे दोनदोनदा विचारले. परंतु यजमान गेली 19 वर्षे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळणाऱ्या भट्टीवर काम करतात, हे मी आपणहून सांगितले, तेव्हा ते केसपेपरवर लिहूनही घेतले गेले नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, शिवणीत बसलेली राखाडी पूड मी इतकी वर्षे मुलांच्या गणवेशाबरोबर एकाच बादलीत धुतली. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते, तेथून रक्तात उतरत राहते, रक्तदाब चढवते आणि रक्तवाहिन्या ताठर करते, हे मला झटक्यानंतर वाचून कळले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2023 मध्ये शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट शब्दांत मांडला. जागतिक बँकेच्या संशोधकांच्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 55 लाख प्रौढ माणसे शिशामुळे झालेल्या हृदयविकारांनी दगावली. एवढ्या मृत्यूंनंतरही आपल्या दवाखान्यात शिशाचे नाव कोणी काढत नाही, याचा मला संताप येतो.

पावसाळ्यापूर्वी वस्तीत आलेल्या अधिकाऱ्यांनी मुलांच्या रक्ताची तपासणी दिवाळीआधी करू, असा शब्द सर्वांसमक्ष दिला होता. दिवाळी होऊन गेल्यावर मी विचारायला गेले, तर तशी सोयच नसल्याचे उत्तर मिळाले. मग शब्द दिला कशाच्या जोरावर?

शिशाची विषबाधा झालेला कामगार आढळल्यास डॉक्टरांनी ते शासनाला कळवलेच पाहिजे, असे 1948च्या कारखाने अधिनियमात लिहिले गेले. परंतु चार-पाच माणसांची भट्टी कायद्याच्या व्याख्येत कारखानाच ठरत नाही, त्यामुळे तेथे ना निरीक्षक येतो, ना आजाराची नोंद होते. आम्ही विचारायला गेलो, की एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवते आणि दुसरे तिसऱ्याकडे, आणि त्या प्रत्येक फेरीत आमचा एक दिवसाचा रोज बुडतो. गरिबाच्या छातीत दुखले, की दोष त्याच्या व्यसनाचा धरायचा आणि त्याच्या कामाचे नावही घ्यायचे नाही, ही रीत आता मोडा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रक्तातील शिशाची तपासणी सुरू करा आणि हृदयरुग्णाला त्याचे काम विचारण्याची सक्ती करा.

माझ्या धाकट्या मुलीला दहावे वर्ष लागले आहे. तिच्या रक्तात किती शिसे आहे, हे मी कोठे जाऊन तपासून घ्यावे, ते कृपया लेखी कळवावे.

आपली,
एका भट्टी कामगाराची पत्नी