कॉलेज एका स्टेशनावर आहे, तयारीला माणसं हवीत

सप्रेम नमस्कार,

नवी मुंबईत दिघ्यातल्या आमच्या वाचनालयात दर रविवारी सातवी-आठवीची मुलं अभ्यासाला बसतात. परवा कॉलेजचा विषय निघाला, तर सातवीतल्या एकीने विचारलं, "अकरावीला पण डबा न्यायचा असतो का?" तिच्या घरात अकरावीपर्यंत कुणी गेलेलंच नाही. ठाण्याची कॉलेजं दिघा गाव स्टेशनावरून एका स्टेशनाच्या अंतरावर आहेत!

दहावीच्या निकालानंतर दाखल्यांसाठी होणारी पळापळ आम्ही दरवर्षी बघतो. जातीच्या दाखल्याला ओबीसींना १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुतेकदा गावाकडे, आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात असतो. ऐन जूनमध्ये रोजगार बुडवून जालन्याला कोण जाणार? म्हणून हे काम आम्ही सातवीतच, दिवाळीला मंडळी गावी जातात तेव्हा उरकायला लावतो.

आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बुद्धिमत्ता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. गेल्या रविवारी एकाने चौतिसाव्या प्रश्नाचं उत्तर पस्तिसाव्याच्या गोलात रंगवलं आणि शेवटपर्यंत तसाच उतरत गेला. गणितं बरोबर होती, मार्क गेले. हे सरावानेच सुटतं. शिवाय मराठी माध्यमाच्या मुलांना 'संयुजा' पाठ असते, पण अकरावी सायन्सला तिचंच इंग्रजी नाव 'व्हॅलेन्सी' ऐकलं की मुलं गप्प होतात. तेही आत्तापासून कानावर पडायला हवं.

तर रविवारी दहा ते बारा शिकवायला माणसं हवी आहेत. निदान तीन महिने सलग. एकदा येऊन प्रेरणादायी भाषण देणारे आमच्याकडे पुष्कळ झाले, स्पष्ट लिहितो, राग नसावा. पालकांबरोबर महा ई-सेवा केंद्रात जाऊन फॉर्म तपासून देणारं कुणी निवृत्त असेल तर फारच बरं.

पैशांचं म्हणाल तर सराव पेपर आणि उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्सला लागतात. जमेल ते द्या, पावती मिळेल. आणि हो, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. वेळ लावून पेपर सोडवायचे तर ते आधी लागेल.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते, दिघा