चायनीज एल्म फेकण्याआधी साल खरवडून बघा

महोदय,

सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेत हल्ली वास्तुशांतीला बोन्साय भेट देतात. बारीक दातेरी पाने आणि जुनाट दिसणारे खोड यामुळे चायनीज एल्मला जास्त पसंती. हे झाड थेट हॉलमध्ये टीव्हीशेजारी जाते, काही दिवसांत पाने पिवळी पडून गळतात आणि कुंडी कचऱ्याच्या गाडीत! यातली कितीतरी झाडे जिवंत असतात. मला याचे फार वाईट वाटते.

जागा बदलली की एल्म पाने टाकतो, थंडीतही टाकतो. फेकण्याआधी फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत हिरवे दिसले तर जीव आहे. सकाळचे ऊन मिळेल अशा जागी, गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवावे, पालवी फुटते. शेजाऱ्यांनी टाकलेले एल्म उचलून आणून मी असेच जगवले आहेत. चीन, जपान, कोरियातले हे मोकळ्या हवेतले झाड. आपली वावळ याच्याच कुळातली, ती काय घरात वाढते?

दुसरे मातीचे. कृष्णाकाठची काळी माती उसाला उत्तम, पण बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये ती पाणी धरून बसते आणि मुळे कुजतात. मी जाड वाळू, चाळलेले विटांचे तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत वापरतो. वरची माती सुकली की तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत पाणी घालावे. रोज ठरल्या वेळी कपभर ओतणे चुकीचे. एप्रिल-मेमध्ये मात्र ट्रे झपाट्याने वाळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ बघावे लागते. दुपारी वर हिरवी जाळी हवी. याच दिवसांत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागतो, त्यासाठी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पावसाळ्यात खालची ताटली काढून टाकावी.

शेंड्याला सहा-सात पाने आली की दोन ठेवून छाटावे, फांद्या दाट होतात. फांद्यांना आकार देण्यासाठी तार बांधली असेल तर लक्ष ठेवावे. एल्म भराभर वाढतो आणि तार सालीत रुतते. दोन-तीन वर्षांनी, पालवी फुटण्याच्या आधी, मुळे छाटून माती बदलावी.

रोपवाटिकावाल्यांना कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक एल्मसोबत मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी. ‘हे घरात ठेवायचे झाड नाही, पाने गळाली तरी फेकू नका’ एवढे लिहिले तरी पुष्कळ झाडे वाचतील.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली