वॉटर पंपाचे तुटलेले बोल्ट चिकटवून गाडी परत दिलीत, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब,

नमस्कार. माझी गाडी केए-२२ पासिंगची, २०१४ चं मॉडेल, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत आणि आजवरची एकूण एक सर्व्हिसिंग तुमच्याच बेळगावच्या सर्व्हिस सेंटरला केलेली आहे. बाहेर कुठं कधी हात लावू दिला नाही. पत्र मराठीत लिहितोय कारण तुमच्या काउंटरवरची पोरं माझ्याशी मराठीतच बोलतात आणि मनातलं मला इंग्लिशमध्ये नीट सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात गाडीखाली फरशीवर थेंब दिसायला लागले, चहाच्या रंगाचे, म्हणून गाडी घेऊन आलो. इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथनं पाणी ठिबकतं, हे तुमच्याच ॲडव्हायझरनं टॉर्च मारून दाखवलं आणि पंप बदलायलाच लागंल म्हणाला. बदला म्हटलं. संध्याकाळी देतो म्हणाले ते दोन दिवसांनी दिली, विचारलं तर "जरा जाम होतं काम" एवढंच. ७,८४० रुपये बिल झालं, त्यात २,६०० लेबर, सगळं भरलं.

नवव्या दिवशी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला नेलं होतं. परत येताना निपाणी सोडून तवंदी घाट चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा वर वर जायला लागला. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत एसी बंद केला आणि हीटर फुल्ल सोडला, त्यानं इंजिनची थोडी तरी गरमी बाहेर पडते. पण ती गरम हवा सगळी आईच्या तोंडावर, एका डोळ्याला पट्टी, आणि ती पदर धरून बसलेली, एक शब्द बोलली नाही. थांबलो तर बॉनेटमधनं वाफ. आईला एका ओळखीच्यांच्या गाडीतनं पुढं पाठवलं आणि आमची गाडी टो करून निपाणीत एका मिस्त्रीकडं आणली.

मिस्त्रीनं बेल्ट काढला, पंपावर बॅटरी मारली आणि मला हाक मारली, "मामा, हिकडं या जरा." पाच बोल्टांपैकी खालच्या एका बोल्टाच्या डोक्याला त्यानं नुसतं नख लावलं आणि ते डोकं त्याच्या हातात आलं. खाली बोल्टच नाही! काळ्या सिलिकॉननं नुसती टोपी चिकटवलेली. त्याच्या शेजारचं पण तसंच. म्हणजे पाच बोल्टांचा पंप तुम्ही तिघांवर बसवून दिलात आणि वरून बघणाऱ्याला पाचही दिसावेत अशी व्यवस्था केलीत. त्या दोन्ही टोप्या माझ्याकडं आहेत, सिलिकॉनसकट, फोटो सोबत जोडलेत.

साहेब, बोल्ट तुटला याचा मला राग नाही, हे मनापासून सांगतोय. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये लोखंडी बोल्ट, त्यात वर्षानुवर्षं ओल, मग आट्यांत पांढरी पूड धरते आणि बोल्ट तिथंच बसतो. दहाच्या पान्यानं सुटणारा एवढासा बोल्ट, जोर लावला की डोकं तुटणारच. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि निपाणीच्या त्या माणसानं तो दिला. आधी पंप काढला. रस्ट स्प्रे मारून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बॅटरीची टर्मिनल काढली, जो तुकडा जरा वर आलेला होता त्याच्यावर नट ठेवून आतनं वेल्डिंग केलं. वेल्डिंग लोखंडालाच धरतं, ॲल्युमिनियमला नाही, आणि त्या गरमीनं पकड पण सुटते. मग पाना लावून सरळ ओढला नाही, पाव आटा मागं, परत पुढं, परत तेल, असं करत करत पंधरा-वीस मिनिटांनी तो तुकडा करकरत बाहेर आला. दुसरा आत खोल तुटलेला, तो पंच मारून बरोबर मधोमध ड्रिल करून काढावा लागला, आटे गेले म्हणून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवली. मजुरी सगळी मिळून ४,५०० घेतली. शेडमध्ये काम करणारा माणूस हे करू शकतो, तर तुमच्याकडं लिफ्ट आहे, कंपनीचं ट्रेनिंग आहे, आणि नाहीच जमलं तर उद्यमबागमध्ये गल्लीगल्लीत लेथवाले बसलेत. मला एक फोन करायचा होता, बोल्ट तुटलेत, दोन हजार जास्त लागतील, मी हो म्हटलं असतं.

आणि अजून एक. पंपाच्या मागं तांबूस गाळ साठलेला होता, मिस्त्री म्हणाला ह्यात कितीतरी दिवस साधं पाणीच फिरलंय. मागच्या दोन्ही सर्व्हिसिंगच्या बिलांत तुम्ही कूलंटचे, म्हणजे गंज धरू न देणाऱ्या रंगीत पाण्याचे, पैसे लावलेत. मग फरशीवर चहाच्या रंगाचं पाणी कसं पडत होतं? बोल्ट जाम झाले ते पण त्यामुळंच असणार, असं मला वाटतं. याचं उत्तर मला लेखी पाहिजे.

माझं मागणं असं आहे की लेबरचे २,६०० आणि निपाणीचे ४,५०० परत द्या, टोईंगचे १,८०० पण, आणि गाडी तापल्यामुळं हेड गॅस्केटला (इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगला) काही झालंय का ते दुसऱ्या सेंटरच्या माणसाकडनं माझ्यासमोर फुकट तपासून द्या. ज्यानं टोप्या चिकटवल्या त्या पोराची नोकरी घालवा असं मी म्हणत नाही, त्याला गाडी संध्याकाळी द्यायचीच म्हणून कुणीतरी घाई लावली असणार, ते कोण ते बघा.

पंधरा दिवस वाट बघतो. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, टोप्या घेऊन.

आपला,
दहा वर्षांचा गिऱ्हाईक

सोबत: तिन्ही बिलांच्या झेरॉक्स, निपाणीची पावती, टोईंगची पावती, सहा फोटो