चावंडच्या टाक्यांसाठी एक रविवार द्या

जय शिवराय मंडळी,

तुमच्यातले बरेच जण जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर येऊन गेले असतील. पहाटे पुण्याहून निघायचं, नारायणगावला मिसळ हाणायची, जुन्नरवरून आपटाळ्याच्या रस्त्याने चावंडवाडीला यायचं, तासाभरात गडावर, दुपारी खाली आणि जमलंच तर जाता जाता कुकडेश्वर नाहीतर नाणेघाट करून रात्री घरी. मुंबईकर कल्याण-मुरबाड करत माळशेज चढून गणेशखिंडीतून उतरतात. एक दिवसाची ट्रिप म्हणून याच्यासारखा गड नाही आणि तुम्ही येता याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आम्ही म्हणजे गडाखालच्या वाड्यांमधली पोरंपोरी आणि असेच ट्रेकला येता येता आमच्यातलेच होऊन गेलेले शहरातले काही जण. दरवर्षी होळीनंतर आम्ही गडावर कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांची साफसफाई करतो आणि यंदा आम्हाला माणसं कमी पडतायत, सामानही कमी पडतंय, म्हणून हे आवाहन.

आधी टाकीच का, ते सांगतो, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तटबंदी पडलीये, सदरेचा नुसता चौथरा उरलाय, वाड्यांची जोती गवतात गेलीत, मग तुम्ही टाक्यांमागे का लागलाय? तर गडाचा जीव पाण्यात असतो. पाणी आहे म्हणून शिबंदी, म्हणजे गडावरचं सैन्य, राहते, शिबंदी आहे म्हणून गड लढतो. इतक्या उंचीवर विहीर खणून भागत नाही, म्हणून जुन्या लोकांनी कातळच कोरला, पावसाचं पाणी कुठून वाहत येतं ते बघून त्या उतारावर टाकी पाडली आणि जो दगड निघाला तोच बांधकामाला वापरला. टाकं आणि तट एकाच दगडाचे, एकाच हातांचे. चावंडवर अशी सात टाकी एकाच ठिकाणी आहेत, त्यांना सप्तमातृकांची टाकी म्हणतात, ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा या त्या सात जणी, आणि चामुंडा वरूनच चावंड हे नाव पडलं असं आमच्याकडे सांगतात. वर चावंडबाईचं देऊळ आहे, गडाच्या सगळ्यात उंच जागी. या सात टाक्यांशिवाय गडावर इकडेतिकडे बरीच टाकी आहेत, कोनाडे असलेली एक सुंदर पुष्करणी आहे, पण ट्रिपला आलेला माणूस बहुतेक देऊळ बघतो, सात टाक्यांशी फोटो काढतो आणि उतरतो. आम्ही काम करतो ते त्या बाकीच्या टाक्यांवर, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही.

मागच्या वर्षी एक लहान टाकं काढायला घेतलं होतं. वरून बघितलं तर नुसता गवत उगवलेला खड्डा वाटायचा. पहिले दोन रविवार निघाले काय तर वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि बिअरच्या बाटल्यांच्या काचा, आमच्यातल्या एकाच्या पायात काच घुसली आणि जुन्नरला नेऊन टाके घालावे लागले, तेव्हापासून गमबूट घातल्याशिवाय कोणालाच आत उतरू देत नाही. तिसऱ्या रविवारी गाळ कमरेएवढा खाली गेला आणि भिंतीवर छिन्नीचे घाव दिसायला लागले, तिरपे, एकाशेजारी एक, पाटीवर मुलानं काढलेल्या रेघांसारखे. काठावर दोन गोल खळगी सापडली, हाताचा पंजा आत जाईल एवढी, लाकडी खांब रोवून वर छप्पर घालायची, म्हणजे पाणी उन्हाने उडायला नको आणि पालापाचोळा पडायला नको. आमची एक ताई त्या खळगीत हात घालून बराच वेळ तशीच बसली होती, काही बोलली नाही, मग उठली आणि घमेलं उचललं. त्या पावसाळ्यात टाकं भरलं. दसऱ्याला आम्ही बघून आलो, पाणी नितळ होतं आणि तळाचा दगड दिसत होता.

ज्यांना गडाचा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्नर म्हणजे सातवाहनांच्या काळापासून घाटावरची मोठी पेठ, नाणेघाटातून कोकणातला माल वर यायचा आणि त्या वाटेवर नजर ठेवायला चावंड, जीवधन, हडसर, शिवनेरी असे गड. इथूनच मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली. १५९५ मध्ये अहमदनगरला गादीचं भांडण पेटलं तेव्हा बहादूर नावाच्या अगदी तान्ह्या वारसाला चावंडवर कैदेत ठेवलं होतं, चांदबिबी त्याच्या बाजूने उभी राहिली, मोगलांचा वेढा झेलला आणि १५९६ मध्ये पोराला सोडवून गादीवर बसवलं. एवढंसं लेकरू इथे कुठल्या जोत्यावर रांगलं असेल हे आता कोणीच सांगू शकत नाही, पण त्याला पाजलेलं पाणी याच टाक्यांतलं. पुढे शिवकाळात गड स्वराज्यात आला, त्याचं नाव प्रसन्नगड ठेवलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुन्हा कोणी इथून लढू नये म्हणून वाटेवरच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. तुम्ही रेलिंग धरून जो तुटका टप्पा चढता तो हाच. चढताना तिथे कातळात पुरलेली एक छोटी तोफ आहे, खूप जण तिला नुसता आधाराचा खांब समजून पुढे जातात, पुढच्या वेळी जरा थांबून बघा.

आता काम कसं चालतं ते. परवानगी हातात आल्याशिवाय आम्ही गडावरचा एक दगडही हलवत नाही, आणि पुरातत्त्वाची माहिती असलेला माणूस सोबत असल्याशिवाय टाक्यात उतरत नाही. सुरू करायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, काम संपल्यावर पुन्हा फोटो. गाळ सरळ दरीत ढकलायचा नाही, तो खालच्या वाटेवर आणि शेतात येतो, ठरवून दिलेल्या जागीच पसरायचा आणि त्याआधी वाळू चाळायच्या जाळीतून चाळायचा, कारण गाळात खापरं निघतात, कधी खिळा, कधी दगडी गोळा. जे सापडेल ते नोंद करून सरकारी खात्याकडे जातं. जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची जुनी वस्तू कळवायचीच असा १८७८ चा कायदा आहे, तो आजही लागू आहे, त्यामुळे आठवण म्हणून खिशात काही टाकू नका.

सिमेंट घेऊन येतो, भिंत बांधून देतो असं म्हणणारे चांगल्या मनाचे लोक दरवर्षी भेटतात. त्यांना हात जोडून सांगतो की नको. जुनी बांधकामं चुन्यातली आहेत, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि मग जुना दगड शेजारून झिजायला लागतो. तसंच पिंपळ-उंबराचं. तटात झाड दिसलं की उपटून टाकावंसं वाटतं पण मुळं आतपर्यंत गेलेली असतात, ओढलं की चार दगड सोबत येतात. ते काम जाणकारांचं. आणि मागच्या हिवाळ्यात कोणीतरी कातळावर ऑइल पेंटने बदामात दोन नावं लिहून गेलंय, ते बघून खूप वाईट वाटलं, पण तारेच्या ब्रशने घासलं तर रंगासोबत दगडाचा पापुद्राही जाईल म्हणून तेही आम्ही तसंच ठेवलंय, रीतसर काढून घेणार आहोत. आम्ही फक्त गाळ, कचरा आणि वाटेवरचं रान एवढंच करतो आणि तेवढ्यालाच माणसं पुरत नाहीत.

आम्हाला काय हवंय ते सांगतो. सगळ्यात आधी तुमचा एक रविवार. होळीपासून मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंत दर रविवारी काम आहे, तेव्हाच पाणी तळाला गेलेलं असतं. सकाळी साडेसहाला चढायला सुरुवात, अकरापर्यंत काम, मग ऊन सोसवत नाही. गाळाची घमेली खालून वर साखळीने द्यायची असतात, एका साखळीला पंधरा-वीस जण लागतात, मागच्या वेळी आम्ही नऊच जण होतो आणि त्यात दोघं दहावीची परीक्षा देऊन आलेले. ताकद नसली तरी चालतं, चाळायला बसा, नोंदी लिहा, फोटो काढा. आमच्याकडे साठी ओलांडलेले एक काका येतात, ते फक्त चाळतात आणि आतापर्यंत सापडलेली खापरं जास्तीत जास्त त्यांच्याच हाताखालून गेलीयेत.

दुसरं म्हणजे सामान. घमेली, टिकाव, फावडी, चांगला जाड दोर, गमबूट सगळ्या मापांचे, हातमोजे, हेल्मेट, प्रथमोपचाराची पेटी. वापरलेलं पण चालू स्थितीतलं असेल तरी आणा, जुन्नरमध्ये कोणाकडेही ठेवलंत तरी आम्ही घेऊन जाऊ. ज्यांना पैसेच द्यायचेत त्यांनी मेसेज करा, खात्याचा तपशील वैयक्तिक पाठवतो, उघड्यावर टाकत नाही कारण असे नंबर उचलून फसवणूक करणारे खूप झालेत. शंभर रुपये आले तरी पावती मिळेल आणि प्रत्येक खर्चाच्या बिलाचा फोटो महिन्याच्या शेवटी ग्रुपवर पडतो, शंका आली तर सगळ्यांसमोर विचारा, राग येत नाही.

तिसरी गोष्ट ट्रिपला येणाऱ्या सगळ्यांसाठी, काम करायला या नाहीतर फिरायला या. जेवण गावात करा. इकडची बरीच घरं महादेव कोळी समाजाची आहेत, भात, नाचणी, वरई आणि हिरडा यावर वर्ष काढतात, त्यात रविवारी दहा-बारा पानं जेवायला आली तर घरात केवढा आधार होतो ते आम्ही रोज बघतोय. गाडीत बिर्याणीचे डबे घेऊन यायचं आणि गावात फक्त डब्यांचा कचरा सोडायचा असं नका करू. वाट दाखवायला गावातलं पोरगं सोबत घ्या, त्याला जे माहितीये ते कुठल्या व्हिडिओत सापडणार नाही. टाक्यात उतरू नका, पाय धुऊ नका, साबण तर अजिबात नको, ते पाणी गुरं पितात, पाखरं पितात. आणि उग्र सेंट मारून, स्पीकर लावून येऊ नका, या भागातल्या कड्यांना आग्यामोहळं असतात आणि एकदा उठली की त्या अरुंद पायऱ्यांवर पळायला जागा नाही.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे किती गमबूट आणि किती भाकरी ते ठरवता येतं. बुटाचं माप मेसेजमध्येच लिहा. टोपी, दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट, बदलायला एक जोड कपडे, कारण गाळात उतरलेल्याला गाडीत कोणी बसू देत नाही. शनिवारी रात्री मुक्कामाला यायचं असेल तर तसंही सांगा, झोपायची सोय देवळात आहे, पांघरूण आपलं आपण आणा, एप्रिलमध्येसुद्धा पहाटे वारा सुटतो. जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा आणि असेल तर ताक. जेवण बनवणाऱ्या मावशींनी विचारलंय की मासवडी कितीजणांना चालेल, तर तेवढं आधी सांगा, त्याला वेळ लागतो.