बाबांच्या फोनवर कोणत्या साइट उघडाव्यात

श्टुटगार्ट, रविवार

ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर व्हीपीएन टाकला तर त्या खोट्या लिंका बंद होतात का, असं तुम्ही परवा विचारलं होतं. आवाज सारखा तुटून राहिला होता, म्हणून आज सविस्तर लिहिते. होतात, पण तो व्हीपीएन कोणाचा आहे यावर सगळं अवलंबून आहे.

शेजारच्या काकांनी सुचवलेलं फुकटचं ॲप कृपा करून टाकू नका. व्हीपीएनमध्ये फोनवरची जा-ये आधी दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरकडे जाते, आणि पुढे काय सोडायचं, काय अडवायचं ते तो कॉम्प्युटर ठरवतो. साहजिकच आपण कुठे कुठे जातो हे त्याच्या मालकाला कळतं. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली होती. तिचं फुकटचं व्हीपीएन ॲप लोकांनी सुरक्षित वाटावं म्हणून घेतलं, आणि कोण कोणतं ॲप किती वापरतो ही माहिती फेसबुककडे जात राहिली. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरवरून निघालं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर नाव-गाव नसलेल्या ॲपचा काय भरवसा?

म्हणून तो दुसरा कॉम्प्युटर आपलाच असावा असं मला वाटतं. माझ्याकडे रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आहे, हाताच्या पंजात मावेल एवढा. त्यावर पाय-होल नावाचा मोफत प्रोग्राम चालतो. कोणतीही साइट उघडायच्या आधी फोन तिच्या नावाचा पत्ता विचारतो. तो प्रश्न पाय-होलकडे आला की नाव यादीत असेल तर खरा पत्ता मिळतो, नसेल तर पानच उघडत नाही. हजेरीपटावर नाव नाही, तर वर्गात प्रवेश नाही, तसं. वाईट साइटची यादी करून त्या अडवण्यात मला फार अर्थ दिसत नाही. ठगांची साइट सकाळी उभी राहते नि संध्याकाळी गायब होते, यादी तिच्या मागेच धावत राहते. त्यापेक्षा तुम्हाला लागतात तेवढ्याच उघडाव्यात.

‘आज रात्री साडेनऊला लाइट कापू’ असा मेसेज आला होता ना, त्यातलं पान हुबेहूब वीज कंपनीचं होतं, लोगोसकट, असं आई म्हणाली. तुम्हाला कळायला हवं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. मलाही नुसतं पान बघून कळलं नसतं. नाव मात्र वेगळं असतंच, आणि यादी नाव बघते.

बँकांचं काम आता सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या नावावर न्यायला सांगितलं होतं, आणि तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळे एका नियमात सगळ्या बँका बसतात. ‘डॉट गव्ह डॉट इन’चा दुसरा नियम केला की सरकारी साइट आल्या, त्यात हयातीच्या दाखल्याची जीवन प्रमाणही आली. रेल्वेचं तिकीट, लाइट बिल आणि तुमचे पेपर वेगळे टाकावे लागतील. रेल्वेला सुरुवातीला त्रास होईल, कारण पैसे भरताना ती साइट दुसऱ्याच नावाच्या साइटवर नेते. तेव्हा चिडू नका, मला कळवा, मी तेही नाव टाकते.

तुमच्या फोनपासून माझ्या घरापर्यंत वायरगार्ड हा व्हीपीएन असेल. त्यात फक्त क्रोम घालू. व्हॉट्सॲप आणि फोनपे बाहेरच राहतील, म्हणजे सकाळी भाजी घेताना पैसे अडणार नाहीत. व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की ती क्रोममध्येच उघडते, आणि आपल्याला अडवायचं ते तिथेच. शिवाय नावाचा प्रश्न तेवढा माझ्याकडे येईल, बाकी सगळं नागपूरहून थेट बँकेत जाईल. सगळंच जर्मनीतून फिरवलं तर बँकेला वाटेल की तुम्ही परदेशातून लॉगिन करून राहिले. एक अडचण आहे. इथली लाइट गेली किंवा माझं इंटरनेट बंद पडलं तर तुमच्या क्रोममध्ये काहीच उघडणार नाही. तेव्हा वायरगार्डचं बटण बंद करायची मुभा तुम्हाला आहेच.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. तुम्ही कोणती नावं विचारली याची नोंद पाय-होल ठेवतो आणि ती मला दिसू शकते. आतलं पान दिसत नाही, पासवर्ड दिसत नाही, पण नाव दिसतं. माणूस कोणत्या डॉक्टरबद्दल वाचतो, कोणत्या आजाराबद्दल, हे नावांवरूनही कळतं. तुमच्या फोनवर पहारा ठेवायचा मला अधिकार नाही, आणि तशी इच्छाही नाही. यादी बसेपर्यंत ती नोंद लागेल, कारण काय अडलं ते तिथेच कळतं. नंतर पाय-होलमध्ये नावं न ठेवण्याची सोय आहे, ती मी चालू करीन. तेवढंही नको असेल तर स्पष्ट सांगा. मग फसव्या साइट अडवणारी तयार डीएनएस सेवा, म्हणजे साइटच्या नावाचा पत्ता सांगणारी सेवा, फोनमध्ये घालून देते. ती एवढी कडक नसते, पण त्यात मी कुठेच नसेन.

यादी तुमची. तुम्ही नको म्हणाल ते मी ठेवणार नाही, हवं म्हणाल ते ‘काहून पाहिजे’ असं न विचारता टाकीन.

व्हॉट्सॲपवर येणारी ‘आरटीओ चलान’ची फाइल यानं अडत नाही. ती साइट नाही, ॲपच असतं, दाबूच नका. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करणारेही यानं थांबत नाहीत. तशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा.

येत्या रविवारी तुमच्याकडे संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे इथे दुपारी दीडला, मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल करीन आणि वायरगार्ड जोडायचा क्यूआर कोड दाखवीन. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यानं तो आईच्या स्क्रीनवरून टिपायचा. त्यात किल्ली असते, म्हणून तो फोटो काढून मी पाठवणार नाही. चिनू प्रतापनगरहून येणार असेल तर त्यालाही बसवा. आणि तोपर्यंत वहीत लिहून ठेवा, तुम्हाला कोणकोणत्या साइट लागतात. आईलाही विचारा, तिच्या रेसिपीच्या साइट मला माहीत नाहीत.

तुमची,
मीनू