लोटा आणि लाउंज चेअर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ईम्स लाउंज चेअरवरचा लेख वाचला. नवश्रीमंतांची मिरवायची खुर्ची म्हणून लेखकाने एका फटक्यात निकालच लावलाय, ते काही पटलं नाही.

म्हणजे मिरवतात हे खरंय हो. माझ्या भाच्याने सिएटलला घेतलीय, व्हिडिओ कॉल लावला की आधी खुर्ची दिसते मग भाचा, आणि पाय ठेवायच्या स्टुलावर कायम लॅपटॉपची बॅग. पण हे मिरवणं काय आजचं आहे का? चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवराबायकोची ही खुर्ची हर्मन मिलर कंपनीने १९५६ साली बाजारात आणली, एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर दाखवली, आणि तेव्हाच ती ३०० डॉलरच्या वर होती, मास्तर-कारकुनाला परवडेल अशी नव्हतीच कधी. आता ५,००० च्या बरीच पुढे गेलीय.

वास्तविक या दोघांचा सगळा नाद प्लायवूडचा. महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या जखमींसाठी त्यांनी प्लाय वाकवून पायाच्या स्प्लिंट, म्हणजे मोडलेला पाय बांधायच्या फळ्या, केल्या, तोच हात पुढे खुर्च्यांवर बसला. ही राजेशाही खुर्चीसुद्धा आतून प्लायच, वरून मुळात रोझवूड आणि चामडं, आणि कवचावर बाहेरून एक स्क्रू दिसत नाही. चार्ल्सला ती कशी दिसायला हवी होती, तर वापरून वापरून मऊ पडलेल्या बेसबॉलच्या ग्लोव्हसारखी! आणि आमच्याकडे पोरं जवळ गेली की "हात पुसून या" म्हणून ओरडा. इथे खरी चूक आहे, खुर्ची महाग असण्यात नाही.

लेखात एक गोष्ट राहूनच गेली. १९५८ मध्ये आपल्या सरकारनेच या जोडप्याला बोलावलं होतं, ते देशभर फिरले, अहवाल लिहिला, आणि त्यातूनच पुढे अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल तर आपल्या लोट्याचं. पाणी किती मावतं, डोक्यावर की कमरेवर नेणार, तळहातात कसा बसतो, मोडीत काय येईल इथपर्यंत प्रश्न, आणि शेवटी हेही की तो आपला असणं, विकणं, कुणाला देणं कसं वाटतं. म्हणजे वस्तू मालकीची असल्याचं सुख त्यांना कळत होतं, त्याला ते नाकं मुरडत नव्हते. फक्त ते यादीत शेवटी होतं, पाणी भरण्याच्या नंतर.

भाच्याला परवा विचारलं, बसतोस का रे कधी तिच्यात? तर म्हणे, "मामा, सेकंडहँडला पण किंमत टिकते." म्हटलं ठीक, विकण्याचं झालं, मग मला देतोस का? तर म्हणे आवाज तुटतोय.

आपला,
एक जुना वाचक, पुणे