चुकीच्या गाडीचा आरसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस सायकलस्वारांच्या दादागिरीवर वाद चालू आहे. सिग्नलला थांबलेल्या मोटारीच्या टपावर थाप मारून, शिवी हासडून निघून गेलेल्या सायकलस्वाराबद्दल एका वाचकांनी तक्रार केली, त्यावर दुसऱ्यांनी ‘आधी त्या मोटारीने काय केले होते ते विचारा’ असे त्यांना सुनावले. या वादात बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते. गेली एकोणीस वर्षे मी कोथरूडहून शिवाजीनगरला सायकलने कामावर जातो, आणि गेल्या पावसाळ्यात एका मोटारीचा आरसा मी स्वतःच्या हाताने फोडला आहे.

सकाळी साडेनऊचा सुमार होता. नळस्टॉपच्या पुढे रस्त्याच्या कडेला चेंबरचे झाकण खचलेले होते, ते चुकवण्यासाठी मी मागे पाहून, हात दाखवून हातभर उजवीकडे सरकलो. त्याच क्षणी एक पांढरी मोटार हॉर्न दाबून धरत इतक्या जवळून गेली की तिचा डावा आरसा माझ्या हँडलला चाटला. सायकल डगमगली, पाय रस्त्यावर टेकला म्हणून वाचलो. मागून बस येत असती तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो. पुढे सिग्नलला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. पांढरी मोटार दिसताच मी तिच्याशेजारी गेलो आणि तिच्या डाव्या आरशावर मूठ मारली. काच तडकली, आरसा उलटा वळला. चालक खाली उतरला. पांढऱ्या गणवेशातला, कोणाकडे तरी नोकरीला असलेला माणूस. तो ओरडलासुद्धा नाही. “काका, मी आत्ता या गल्लीतून बाहेर आलो. तुम्हाला कुठं धक्का मारणार?” एवढेच म्हणाला. तेव्हा मी नीट पाहिले. मला कट मारणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. या गाडीची काच कोरी होती. पुण्यात पांढऱ्या मोटारी किती, हे मी मूठ उगारण्याआधी आठवायला हवे होते. ‘मालक पगारातून कापतील’ हे त्याने सांगितल्यावर नव्या आरशाचे चौदाशे रुपये मी तिथेच दिले. कार्यालयात पोहोचलो तेव्हा बोटे सुजली होती, आणि ती कशाने सुजली हे मी कोणालाही सांगितले नाही.

हा प्रसंग मी प्रायश्चित्त म्हणून सांगत नाही. सायकलस्वाराच्या सूडाचे सगळे यंत्र त्यात उघडे पडते, म्हणून सांगतो. वाहतूक वाहती असते तेव्हा सगळे बळ चालकाकडे असते. पंधरा किलोची माझी सायकल आणि हजार-अकराशे किलोची त्याची मोटार यांत त्या वेळी काही बोलणेच संभवत नाही, आणि ज्याने कट मारला तो पुढच्या दहा सेकंदांत नजरेआड होतो. वाहतूक तुंबली की मात्र पारडे फिरते. मोटार अडकून पडते, आम्ही मधून वाट काढतो. आमच्या वाहनाला नंबर नाही, थाप मारून गल्लीत शिरलो तर आम्हाला शोधणार कोण? त्यामुळे अपराध एका जागी घडतो आणि शिक्षा दुसऱ्या जागी, जो हाताशी सापडेल त्याला होते. आमच्या रविवारच्या सिंहगडच्या गटात ‘आज एकाचा आरसा मिटवला’, ‘एकाच्या दारावर बाटली आपटली’ अशा कथा चहाबरोबर चवीने सांगितल्या जातात. तो माणूस नक्की तोच होता का, हे मी हल्ली विचारतो. बहुतेकदा उत्तराऐवजी चहा येतो.

मोटार चालवणाऱ्या वाचकांना एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागेल. ज्याला ते उर्मटपणा म्हणतात ते बहुतेक वेळा संतापाच्या रूपात बाहेर पडलेले भय असते. काचा लावून आत बसलेल्याला आपण हातभर अंतरावरून गेलो हे कळतही नाही. त्याच्या लेखी हॉर्न म्हणजे ‘मी येतोय’ अशी सूचना. कानाशी तो वाजलेल्याला ती धमकी वाटते. ‘सायकलवाले मध्येच उजवीकडे येतात’ ही तक्रारही खरी आहे, पण आम्ही हौसेने येत नाही. कडेच्या दोन फुटांत खडी असते, उखडलेले पेव्हर ब्लॉक असतात, काही ठिकाणी चाकाच्याच दिशेने गज असलेल्या जाळ्या असतात, ज्यांत सायकलचे चाक सहज अडकते, आणि उभ्या केलेल्या मोटारीचे दार कधी उघडेल याचा नेम नसतो.

आमच्यातलेही सगळे साधू नाहीत. सिग्नल तोडणे, उलट दिशेने येणे, रात्री दिव्याशिवाय हिंडणे हे मी रोज पाहतो. एके काळी या सायकलींच्या शहरात सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, आणि दिवा नसेल किंवा डबलसीट असाल तर पोलीस पकडत. तो बिल्ला परत आणा असे मी म्हणणार नाही, पण त्या काळात सायकलस्वार कायद्याच्या नजरेत होता, धाक म्हणूनही आणि रक्षण म्हणूनही. आज तो दोन्ही बाजूंनी नजरेबाहेर आहे. सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सायकलस्वार चार हजार आठशेहून अधिक होते, आणि त्यांतले बहुतेक माझ्यासारखे हौसेने सायकल चालवणारे नसणार.

कायदा नाही असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य रीतीने दुसऱ्या वाहनाला ओलांडणे हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे मोडते, आणि पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. माझ्या मुठीसाठीही कलम आहे. भारतीय न्याय संहितेत ३२४ व्या कलमाखाली ती ‘आगळीक’, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले नुकसान, ठरते. फरक इतकाच की फुटलेला आरसा पुरावा म्हणून हातात धरता येतो. जवळून गेलेली मोटार मागे काहीच ठेवत नाही. नो पार्किंगमधल्या गाडीचे छायाचित्र काढून तक्रार करता येते, कट मारणाऱ्याचे कसे काढणार? दोन्ही हात तर हँडलवर असतात.

यावर ‘वेगळे सायकल ट्रॅक करा’ हे ठरलेले उत्तर आहे. पुण्यात २००६ च्या बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या राखीव मार्गांबरोबर, ते झाले, २०१७ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला, आणि आज त्या ट्रॅकवर कुठे टपरी, कुठे रोहित्र, कुठे दुचाकींची रांग अशी स्थिती आहे. ते मोकळे होतील तेव्हा होतील. तोवर रस्त्यावरच्या अपराध्याला अपराधाच्या जागी पकडणे, एवढे तरी जमावे.

इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ पासून एक साधा उपाय केला. साध्या वेशातला पोलीस सायकलवर निघतो, कोणी धोकादायक रीतीने जवळून गेले की तो पुढच्या सहकाऱ्यांना कळवतो, आणि ते त्या चालकाला तिथेच थांबवतात. पुष्कळांना दंडाऐवजी जमिनीवर अंथरलेल्या मोठ्या चटईवर सायकल आणि मोटार यांच्यात दीड मीटर म्हणजे नेमके किती अंतर, ते दाखवले जाते. जर्मनीत हे अंतर २०२० पासून नियमातच आहे: वस्तीत दीड मीटर, वस्तीबाहेर दोन. आपल्या अरुंद पेठांत दीड मीटर सापडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे तशीही कोणाला वेगाने जाता येत नाही. पण कर्वे रस्ता, गणेशखिंड रस्ता, नगर रस्ता यांवर आठवड्यातून एक सकाळ एवढा प्रयोग करायला ना नवा कायदा लागतो, ना निविदा.

वाहतूक शाखेने हे मनावर घेतले आणि सायकलीवाचून काम अडले, तर माझी न्यावी. आसन खाली-वर होत नाही, तेव्हा हवालदार पावणेसहा फुटांच्या आसपास असावेत. मागचा ब्रेक कडक आहे, पुढचा जपून दाबावा, आणि संध्याकाळी सहापूर्वी परत मिळावी, कारण मला तिच्यावरूनच घरी जायचे असते.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक
कोथरूड, पुणे